पौडच्या उतारावर माया शैलीतील वाचनालय: नेमके काय घ्यावे?

प्रश्न
चौकट, कोथरूड

नमस्कार. मी पुण्यातील एका लहान वास्तुरचना कार्यालयात काम करते. पौडच्या अलीकडे डोंगरउतारावर एका शिक्षणसंस्थेचे वाचनालय आणि त्याला जोडून दोनशे माणसांचे सभागृह बांधण्याचे काम आमच्याकडे आले आहे. संस्थेचे अध्यक्ष मेक्सिकोला जाऊन आले, तेओतिवाकान, उश्माल आणि चिचेन इत्सा ही प्राचीन नगरे पाहून भारावले आणि ही इमारत 'माया शैलीत', म्हणजे तिथल्या प्राचीन माया लोकांच्या वास्तूंच्या धर्तीवर व्हावी, अशी इच्छा त्यांनी पहिल्याच बैठकीत बोलून दाखवली. सोबत त्यांनी छायाचित्रेही दिली आहेत. त्यांत पायऱ्यापायऱ्यांचे पिरॅमिड आहेत, पंखधारी नागाची मुखे आहेत आणि अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी लॉस एंजेलिसमध्ये नक्षीदार काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बांधलेले एनिस हाउसही आहे.

त्यांची ओढ खरी आहे आणि तिचा मला आदर वाटतो. पण नेहमीच्या आरसीसी सांगाड्यावर जीआरसीच्या (काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटच्या) तयार नक्षीपट्ट्या चिकटवून वर एक नागमुख बसवायचे, हा मार्ग मला मान्य नाही. शहराबाहेरच्या रिसॉर्टांमध्ये असले काम पाहिलेले आहे आणि दोन पावसाळ्यांत त्याचे काय होते, तेही पाहिलेले आहे.

म्हणून जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. अमेरिका खंडातील प्राचीन मूलनिवासी संस्कृतींकडून विसाव्या शतकातील वास्तुरचनाकारांनी नक्षीपलीकडे काय घेतले आणि त्यांपैकी कोणती कामे बारकाईने अभ्यासावीत? राइट यांच्यासारखे नक्षीदार ठोकळे मुळशी तालुक्याच्या पावसात टिकतील का? तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. ज्यांच्या पूर्वजांनी हे सारे उभारले ते लोक आजही तिथे राहतात आणि आपल्या भाषा बोलतात. मग त्यांच्या देवतांची मुखे इथल्या सभागृहावर लावण्याचा अधिकार आम्हाला पोहोचतो का?

उत्तर
मोकळा चौक, सदाशिव पेठ

अशिलाच्या हौसेला नाक न मुरडता तिच्यातून काही चांगले निघते का, असा विचार आपण करता आहात, हे वाचून फार समाधान वाटले. मी बरीच वर्षे वास्तुरचनेचा इतिहास शिकवला आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

1893 साली शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड थॉम्पसन यांनी मेक्सिकोच्या युकातान भागातील लाब्ना आणि उश्माल येथील अवशेषांचे साचे घेऊन तयार केलेल्या प्रतिकृती मांडल्या होत्या. राइट त्या काळी शिकागोतच होते. पुढे विस्कॉन्सिनमधील जर्मन वेअरहाउस, लॉस एंजेलिसचे हॉलिहॉक हाउस आणि 1923-24 च्या सुमारास त्याच परिसरात उभी राहिलेली नक्षीदार ठोकळ्यांची चार घरे, या क्रमाने माया वास्तूंची छाप त्यांच्या कामात स्पष्ट होत गेली. त्याच दशकात कॅलिफोर्नियात या शैलीची लाटच आली. इंग्लंडात जन्मलेले रॉबर्ट स्टेसी-जड यांनी 1925 साली मॉनरोव्हिया येथे 'अझ्टेक हॉटेल' उभारले. त्यावरची नक्षी प्रामुख्याने माया धर्तीची आहे, परंतु लोकांना अझ्टेक हे नाव अधिक ओळखीचे, म्हणून ते दिले गेले. दोन वेगळे समाज आणि त्यांच्यामधली शतके यांना त्या पाटीवर काही किंमत उरली नाही. लॉस एंजेलिसचे मायन थिएटर 1927 चे, तर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टिमोथी फ्लूगर यांनी डॉक्टर-दंतवैद्यांच्या दवाखान्यांसाठी बांधलेली '450 सटर स्ट्रीट' ही सव्वीस मजली इमारत 1929 ची. ही शेवटची इमारत मला आवडते, कारण तिच्या बाहेरील टेराकोटाच्या आवरणावर नक्षी वस्त्रासारखी सलग विणलेली आहे. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे, तर या लाटेने बहुतांशी पृष्ठभाग घेतला. पुढे आवड बदलली आणि ती लाट ओसरली.

पृष्ठभागापलीकडे पाहायचे असेल, तर यॉर्न उटझन यांच्यापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. हे डॅनिश वास्तुरचनाकार 1949 साली मेक्सिकोला गेले आणि तेथे त्यांना सर्वाधिक भावले ते माया लोकांचे जोते. युकातानचे जंगल सपाट आणि दाट आहे. आत चालणाऱ्याला चार पावलांपलीकडचे दिसत नाही. त्या जंगलात झाडांच्या शेंड्यांइतके उंच जोते बांधले आणि त्यावर चढून गेले की एकाएकी आकाश, ढग आणि क्षितिज मिळते. केवळ उंची बदलून माणसाचे जग बदलता येते, ही गोष्ट उटझन यांनी तिथे ओळखली आणि 1962 साली याच विषयावर एक निबंधही लिहिला. सिडनीच्या ऑपेरा हाउसची पांढरी शिडे सर्वांना ठाऊक आहेत, पण ती ज्या प्रचंड जोत्यावर उभी आहेत ते जोते युकातानहून आलेले आहे. रंगमंचामागची कामे, यंत्रे, गोदामे हे सारे त्या जोत्याच्या पोटात गेले आणि वर उरल्या त्या फक्त प्रेक्षकांच्या जागा आणि समोरचे बंदर. त्या इमारतीवर नागमुख किंवा माया चिन्ह कुठेही नाही आणि तरी माया वास्तूचे इतके खोल आकलन मला अझ्टेक हॉटेलात दिसत नाही.

दुसरे उदाहरण मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाचे. पेद्रो रामिरेझ वास्केझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही रचना सप्टेंबर 1964 मध्ये खुली झाली. तिचा गाभा असलेला चौक उश्मालच्या एका चौकावरून सुचलेला आहे, ज्याला स्पॅनिश लोकांनी 'संन्यासिनींचा मठ' असे नाव दिले होते. आपण पुण्याच्या आहात, त्यामुळे चौक म्हटल्यावर वाड्याचा चौक डोळ्यांसमोर येईल, पण उश्मालचा चौक निराळा आहे. वाड्यात चारही सोपे एकमेकांना जोडलेले असतात, कोपरे बंद असतात आणि घर आत पाहते. उश्मालला चार लांबट इमारती वेगवेगळ्या उंचीच्या जोत्यांवर सुट्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामधले कोपरे मोकळे आहेत. त्या फटींमधून बाहेरचा परिसर दिसत राहतो आणि आवार असूनही कोंडल्यासारखे वाटत नाही. भिंतीचा खालचा भाग अगदी साधा असून सारी नक्षी वरच्या पट्ट्यात एकवटली आहे.

संग्रहालयात हीच मांडणी आजच्या भाषेत आली आहे. खाली साध्या भिंती आहेत, तर वरच्या मजल्यावर मानुएल फेल्गेरेस यांची धातूची जाळी आहे. एका टोकाला सुमारे 82 मीटर लांब आणि 54 मीटर रुंद असे छत एकाच खांबावर तोललेले आहे आणि त्या खांबाभोवती वरून पाण्याची धार गोलाकार कोसळत असते. प्रत्येक दालनातून चौकात परत येता येते, त्यामुळे एवढ्या मोठ्या संग्रहालयात माणूस थकतो, पण हरवत नाही. वाचनालय आणि सभागृह एकत्र असलेल्या आपल्या कामासाठी हे उदाहरण मला फार उपयोगी वाटते.

आणि एक विनंती. अध्यक्षांना घेऊन विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात जाऊन या. चार्ल्स कोरिया यांची ती रचना माया वास्तूंवरून घेतलेली नाही. मात्र प्राचीन कल्पना नक्षीवाचून कशी आणता येते, हे तिथे हाताने चाचपून पाहता येते. काळ्या पाषाणाच्या भिंती, त्यावर कडप्पा, त्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट, अशी काळ्यातून अधिक काळ्याकडे जाणारी चढण आहे आणि मध्यभागी पायऱ्यांनी उतरत जाणारे कुंड आहे. माया लोक आकाशासाठी वर चढले आणि आपल्याकडे कुंडात उतरून आकाश वर पाहिले जाते. आपल्या उतारावर या दोन्ही गोष्टींना जागा आहे.

उत्तर
सळई आणि सिमेंट, औंध

मी संरचना अभियंता आहे, म्हणून केवळ दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. राइट यांच्या ठोकळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण पौडला ते जसेच्या तसे वापरू नका.

त्यांची पद्धत अशी होती. एनिस हाउसमधील ठोकळा 16 इंच लांब आणि तितकाच रुंद आहे; असे सत्तावीस हजारांहून अधिक ठोकळे त्या एका घराला लागले. कोरडसर काँक्रीट साच्यात ठासून ते हाताने बनवले जात. प्रत्येक ठोकळ्याच्या कडेला अर्धगोल खाच असे. दोन ठोकळे शेजारी ठेवले की खाचांची मिळून एक नळी तयार होई, तिच्यात उभ्या-आडव्या सळया ओवल्या जात आणि मग पातळ सिमेंटचा गारा ओतला जाई. म्हणजे नक्षी, भिंत आणि सळयांचे जाळे एकाच वेळी विणले जाई. कल्पना म्हणून ती आजही मला थक्क करते.

अडचण पाण्याची होती. कोरडसर मिश्रणाचे काँक्रीट सच्छिद्र राहते. शिवाय इमारतीचा रंग तिथल्या जमिनीशी मिळावा, म्हणून त्याच जागेवरील कुजलेला ग्रॅनाइट, म्हणजे आपल्याकडच्या मुरुमासारखा माल, मिश्रणात घातला गेला आणि त्यासोबत अशुद्धताही आत गेली. सळईवरचे आवरण जेमतेम होते. पाणी सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, गंजलेली सळई फुगते आणि ठोकळ्याचा चेहरा आतून फोडून बाहेर ढकलते. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपाने आणि 2004-05 च्या हिवाळ्यातील अतिवृष्टीने त्या घराचे मोठे नुकसान झाले आणि दुरुस्तीवर प्रचंड खर्च करावा लागला. लॉस एंजेलिसचा वार्षिक पाऊस पुणे शहराच्या पावसाच्या निम्म्याच्या आसपास आहे आणि पुण्याकडून मुळशीकडे सरकू लागलो की पाऊस किलोमीटरागणिक वाढत जातो. तिथे जे ऐंशी वर्षांत झाले ते इथे फार लवकर होईल.

अध्यक्षांना उठावदार पृष्ठभाग हवाच असेल, तर दोन मार्ग सुचवतो. नक्षीचे ठोकळे भारवाहू भिंतीत न घालता ते पडदा म्हणून, सज्जाच्या आत, पावसाच्या माऱ्यापासून दूर लावावेत आणि त्यांच्यात साधी सळई घालू नये.

दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. तेओदोरो गोन्सालेस दे लेऑन आणि आब्राहाम झाब्लुदोव्स्की यांनी 1970 च्या दशकात मेक्सिको सिटीत कोलेहिओ दे मेहिको या संस्थेची इमारत आणि पुढे 1981 साली तामायो संग्रहालय बांधले. त्यांनी संगमरवराची खडी घातलेले काँक्रीट ओतले आणि फळ्या काढल्यावर त्याच्या पृष्ठभागावर टाकी (छिन्नी) मारून आतली खडी उघडी केली. दिसायला ते काँक्रीट घडीव दगडासारखे जड आणि खरखरीत आहे, ऊन कलले की प्रत्येक घाव सावली धरतो आणि वेगळा गिलावा किंवा रंग लागत नाही. तामायो संग्रहालयाच्या तिरप्या भिंती आणि टप्प्याटप्प्याने चढणारे आकार पाहिले की तेओतिवाकान आठवते, पण नक्कल कशाचीच केलेली नाही. आपल्याकडे काळ्या पाषाणाची खडी मुबलक आहे आणि टाकी चालवणारे वडार समाजातील कसबी कारागीर जिल्ह्यात आजही आहेत. एक काळजी मात्र घ्या. टाकी मारताना पृष्ठभागाचा थर निघून जातो, म्हणून सळईवरचे आवरण त्या प्रमाणात आधीच वाढवून धरा आणि हे नकाशावर ठळक लिहा, कारण जागेवर ते कुणाच्याही लक्षात राहत नाही. नमुन्याची एक भिंत पावसाळ्याआधी उभी करून पावसाळाभर तशीच सोडावी.

तिरप्या भिंतींविषयीही दोन शब्द. तेओतिवाकानला खाली तिरपी भिंत आणि तिच्यावर चौकटीतला उभा पट्टा, अशी जोडी टप्प्याटप्प्याने वर जाते. आत दगडमातीची भर, बाहेर ज्वालामुखीचा दगड आणि त्यावर रंगवलेला चुन्याचा गिलावा, अशी ती घडण होती. आत कललेले तोंड मातीचा दाब चांगला पेलते, म्हणून आपल्या उतारावर ते संरचनेच्या दृष्टीनेही योग्य ठरेल. परंतु तिरप्या तोंडावर पाऊस थेट बसतो, रेंगाळतो आणि सांध्यांत शिरतो. वरच्या कडेला पुढे आलेला दगडी थर हवा, भरावातले पाणी बाहेर काढायला जागोजागी नळ्या हव्यात आणि भिंतीमागे पाणी गाळणारा खडीचा थर हवाच.

उत्तर
दख्खनी, येरवडा

चौकटताई, मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही असे उत्तर देता येणार नाही, पण तो विचारल्याबद्दल मी आपली आभारी आहे.

वर ज्या मानववंशशास्त्र संग्रहालयाची योग्य स्तुती झाली आहे, त्याच्या दारात एक महाकाय एकसंध पाषाणमूर्ती उभी आहे, जी पर्जन्यदेव त्लालोकची म्हणून ओळखली जाते. तिचे वजन सुमारे 168 टन आहे. ती शतकानुशतके कोआत्लिंचान या गावाजवळ पडून होती. 1964 साली ती राजधानीत नेण्याचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, वाहतुकीच्या साधनांची मोडतोड केली आणि शेवटी सैनिक आणून ती हलवावी लागली. मूलनिवासी वारशाचा गौरव करण्यासाठी बांधलेल्या त्या इमारतीसाठी मूर्तीचे सख्खे शेजारी असलेल्या माणसांचे म्हणणे बाजूला सारले गेले. वास्तू म्हणून ते संग्रहालय श्रेष्ठ आहे, याबद्दल मला शंका नाही. फक्त हा प्रसंग वगळून त्याच्याविषयी बोलू नये, असे मला वाटते.

अधिकाराचा विचार करताना कोण बांधतो आहे आणि कोणासाठी, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते. युकातानमधील मेरिदाचे मानुएल आमाबिलिस यांनी 1929 च्या सेव्हिल येथील प्रदर्शनात मेक्सिकोचे दालन माया आणि तोल्तेक या प्राचीन समाजांच्या धर्तीवर उभारले. ते आपल्याच प्रदेशाचा वारसा मांडत होते, त्यामुळे त्यांच्या नक्षीचा अर्थ लॉस एंजेलिसच्या मायन थिएटरवरील नक्षीपेक्षा वेगळा होतो. मेक्सिको सिटीच्या विद्यापीठाचे आवारही असेच आहे. शित्ले ज्वालामुखीच्या ज्या लाव्ह्याने क्विक्विल्कोचे प्राचीन नगर गाडले, त्याच लाव्ह्याच्या पठारावर 1950 च्या आसपास ते आवार उभे राहिले. आल्बेर्तो आराई यांनी तेथील चेंडूच्या खेळाची मैदाने लाव्ह्याच्याच दगडाने तिरप्या भिंतींची बांधली; ती एकाच वेळी पिरॅमिडसारखी आणि मागच्या डोंगरांसारखी दिसतात. हुआन ओ'गॉर्मन यांनी ग्रंथालयाच्या उंच, जवळजवळ खिडक्या नसलेल्या ग्रंथकोठाराच्या चारही बाजू देशभरातून गोळा केलेल्या रंगीत दगडांच्या चित्रांनी मढवल्या. उत्तरेच्या भिंतीवर स्पॅनिश आक्रमणापूर्वीचे जग आहे, तर दक्षिणेच्या भिंतीवर वसाहतीचा काळ. आपणही ग्रंथालयच बांधत आहात, म्हणून सांगते की पुस्तकांना ऊन नको असते. तिथे बंद भिंत ही गरज होती आणि त्या गरजेतूनच चित्राला जागा मिळाली.

आज बोलिव्हियात एल आल्तो या सुमारे चार हजार मीटर उंचीवरील शहरात फ्रेडी मामानी हे आयमारा या मूलनिवासी समाजातील वास्तुरचनाकार जे करत आहेत, तेही अवश्य पाहावे. गवंडीकामापासून सुरुवात केलेल्या या माणसाने तिवानाकु या प्राचीन स्थळाच्या शिल्पांतील आणि आयमारा विणकामातील पायऱ्यांचे आकार भडक केशरी, हिरव्या, जांभळ्या रंगांत उभ्या इमारतींवर आणले. खाली दुकाने, वर समारंभाचे झगमगते दालन, त्यावर भाड्याची घरे आणि सर्वांत वर मालकाचे घर, अशी त्यांची रचना असते. ही घरे बांधून घेतात ते आयमारा व्यापारी, ज्यांच्या समाजाला देशातल्या शहरांनी पिढ्यानपिढ्या कमी लेखले. आपल्याला ते रंग रुचोत वा न रुचोत, तिथे नक्षी ही त्यांची स्वतःची वाणी आहे.

पुण्यातील कार्यालयाने देवतांची मुखे आणि धार्मिक चिन्हे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उश्मालच्या भिंतींवरील लांब नाकाची मुखे पर्जन्यदेव चाकची मानली जातात आणि युकातानमधील शेतकरी पावसासाठी आजही त्याला आवाहन करतात. जोते, चौक, मोकळा कोपरा, खाली साधी आणि वर नक्षीदार भिंत या मात्र बांधणीच्या कल्पना आहेत. त्या घ्याव्यात आणि कोणाकडून घेतल्या, ते इमारतीच्या दारातल्या फलकावर ठिकाणाच्या आणि समाजाच्या नावासह लिहावे.

उत्तर
गोमतीकाठ, सध्या पाषाण

मूळचा लखनौचा असल्याने एक दुवा जोडतो. राइट यांच्या कार्यालयात काम केलेले आणि पुढे कॅनबेरा शहराचा आराखडा करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्याही कामात माया-अझ्टेक आकारांचे आकर्षण दिसते. सिडनीतील पिरमाँट येथे त्यांनी कचरा जाळण्याच्या भट्टीसारख्या रुक्ष इमारतीला तशा धर्तीच्या नक्षीचे रूप दिले होते; 1992 साली ती पाडण्यात आली. 1935 साली ते लखनौला आले, तिथे त्यांनी झपाट्याने अनेक रचना केल्या आणि 1937 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची कबरही लखनौलाच आहे. हा धागा भारतापर्यंत पूर्वीच आलेला आहे, एवढेच अध्यक्षांच्या कानावर घालावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
चौकट, कोथरूड

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कार्यालयात चर्चा करून आम्ही ठरवले आहे की देवमुखे आणि नाग घ्यायचे नाहीत. काळ्या पाषाणाचे तिरप्या तोंडाचे जोते करून त्याच्या पोटात ग्रंथकोठार ठेवायचे आणि वर वाचनकक्ष, सभागृह आणि कार्यालय अशा तीन सुट्या इमारती मोकळ्या कोपऱ्यांच्या चौकाभोवती मांडायच्या. चौथी बाजू दरीकडे उघडी राहील. टाकी मारलेल्या काँक्रीटचा नमुना करायलाही परवानगी मिळाली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. मोकळ्या कोपऱ्यांमधून पौडचा वारा आणि पाऊस थेट चौकात घुसेल, त्याचे काय करावे? आणि अध्यक्षांचा आग्रह आहे की समोरून भव्य पायऱ्या हव्यातच, पिरॅमिडला असतात तशा. आमच्या वाचकांत वयस्कर माणसे आहेत आणि संस्थेच्या शाळेतील चाकाच्या खुर्चीवरून येणारी मुलेही आहेत.

उत्तर
सळई आणि सिमेंट, औंध

जोत्याच्या पोटात पुस्तके ठेवणार असाल, तर डोंगराकडील भिंत दुहेरी करा आणि दोन भिंतींमध्ये माणूस शिरून साफसफाई करू शकेल इतकी फट ठेवा. जलरोधक लेपावर एकट्यावर विसंबून पुस्तके जमिनीखाली ठेवू नयेत. ग्रंथकोठाराची दरीकडील बाजू मात्र जमिनीच्या वर येईल, तिथून वारा खेळता ठेवता येईल.

उत्तर
मोकळा चौक, सदाशिव पेठ

आराखड्याची दिशा वाचून आनंद झाला. दोन्ही शंकांची उत्तरे आपल्या जागेच्या उतारातच आहेत, असे मला वाटते.

पावसाळी वारा प्रामुख्याने पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूचा कोपरा पूर्ण मोकळा न ठेवता दोन इमारतींची टोके एकमेकांच्या पुढे-मागे सरकवावीत. चालणाऱ्याला वाट मिळेल, पण वाऱ्याला सरळ रेषा मिळणार नाही. उरलेला कोपरा निःशंकपणे उघडा ठेवा. छपरे चौकाकडे उतरती करून सभोवार खोल पडवी दिली, तर ग्रंथालयातून सभागृहात कोरड्या पायांनी जाता येईल, जे आपल्या वाड्यांनी शतकानुशतके केले आहे. पागोळ्यांचे पाणी दगडी पन्हाळीने एका उथळ कुंडात आणावे आणि तिथून ते उताराखालच्या टाकीत सोडावे.

पायऱ्यांबाबत अध्यक्षांना दुखवण्याचे कारण नाही. भव्य पायऱ्या दरीच्या बाजूला द्या आणि त्यांची चढण सौम्य ठेवा. पायरी रुंद असली की तिच्यावर मुले बसतील, वाचतील, संध्याकाळी छोटा कार्यक्रमही होईल. परंतु मुख्य प्रवेश डोंगराच्या बाजूने, वरच्या अंगाने आणा. रस्ता वळवून जोत्याच्या माथ्याच्या पातळीवर नेता आला, तर चाकाच्या खुर्चीला एकही पायरी लागणार नाही. खालून चढायचे ठरवले, तर दीड मीटर उंचीसाठी एकास बारा या प्रमाणाने अठरा मीटर उतरण लागेल, मधले विसावे वेगळेच. आणि आपले जोते त्याहून उंच होणार, असे दिसते. वरून येणाऱ्या प्रत्येकाला आधी पडवीची सावली, मग चौक आणि चौकापलीकडे एकदम उघडलेली दरी दिसेल. रस्त्याच्या त्या वळणासाठी शेजारच्या पट्ट्यातून किती जागा मिळते, हे मोजणी नकाशावर आत्ताच तपासून घ्या, कारण पाया खणायला घेतल्यावर ते बदलता येत नाही.